नाद

माळशिरसकडे एखादा सिनेमावर जीव टाकत असेल, तर त्याला सिनेमाचा नाद आहे म्हणतात. संस्कृत ‘नद्’ म्हणजे आवाज करणे, त्यावरून नाद म्हणजे ध्वनी. मराठी पुढे गेली: कानात घुमत राहतो तो ध्वनी आणि मनात घुमत राहते ती ओढ, दोन्ही नादच. इंग्रजी ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’वरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फानुम’, म्हणजे देऊळ. फॅन म्हणजे अंगात आलेला भक्त. मला आपलाच शब्द अधिक खरा वाटतो. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ सिनेमा आला, तेव्हा संगीतकार अजय-अतुलच्या गाण्यांवर थिएटरांत लोक उठून नाचले. नाद आधी कानातूनच शिरला. त्यातली नायिका आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू माळशिरस तालुक्यातल्याच अकलूजची.