संवादातून सावरलेली गावे

दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरावर काळाने झडप घातली. गणेश विसर्जन आटोपून निजलेले हजारो जीव, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाच्या भाराखाली गाडले गेले. श्री. शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, हे समाजबांधवांस ज्ञात आहेच. जी घरे पडली नाहीत, केवळ भेगाळली, त्यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

संपूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसली. भेगाळलेल्या घरांची दुरुस्ती मात्र शासकीय अनुदानातून घरमालकांनीच करावयाची होती. लोकांचा विश्वास बसेना; दगडी भिंतींची धास्ती मनातून जाईना. ‘आम्हांसही नवे घर द्या’ ही मागणी स्वाभाविकच होती.

तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील भगिनी ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीचे दोन्ही थर जोडणारा आरपार दगड कशासाठी, माळवदाची माती का कमी करावी, हे त्यांनी आधी स्वतः शिकून घेतले. मग घरोघरी समजावले. अनुदानाचा हिशेब विचारला, अभियंत्यांस प्रश्न केले. उंबऱ्याबाहेर क्वचितच बोललेल्या स्त्रियांनी हे केले, ही सामान्य गोष्ट नव्हे!

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला, तेव्हा लातूरकडील अशाच भगिनी तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगावयास गेल्या.