टँकमधले मासे भांडतात तेव्हा : कारणं, उपाय आणि जखमी माशाची काळजी

हॉलमध्ये शोभेला ठेवलेल्या टँकमध्ये एक दिवस माशाची शेपटी कुरतडलेली दिसते आणि दोन दिवसांनी तो मासा तळाशी पडून राहतो. घरचे म्हणतात पाणी खराब झालं, दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो. पण पुष्कळदा सुरुवात आजारानं झालेली नसते. आधी मारामारी होते आणि आजार नंतर जखमेतून शिरतो.

भांडण कशावरून?

पहिलं कारण हद्द. सिक्लिड गटातले मासे टँकचा एखादा कोपरा आपला मानतात आणि दुसऱ्याला तिथं फिरकू देत नाहीत. एंजल मासाही याच गटातला. एरवी शांत दिसणारी एंजलची जोडी अंड्यांवर असली की सगळ्यांना पळवून लावते. याशिवाय कमी जागा, लपायला आडोसा नसणं, नर जास्त होणं आणि खाणं एकाच जागी टाकणं, यामुळेही मारामारी वाढते.

कोण कोणाबरोबर नको?

• फाइटर : मूळचा थायलंडकडचा. दोन नर एका टँकमध्ये कधीच ठेवू नयेत.
• टायगर बार्ब : कळपानं राहणारा मासा. दोन-तीनच असतील तर दुसऱ्यांचे पर कुरतडतो, म्हणून किमान 6, शक्यतो 8-10 ठेवावेत. एंजल, गप्पी, गुरामी अशा लांब परांच्या संथ माशांबरोबर मात्र नकोच.
• फ्लॉवरहॉर्न : संकरातून तयार केलेला सिक्लिड. एकटाच ठेवावा.
• गप्पी : एका नरामागे 2-3 माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला दमवून टाकतात.
• सकर : लहानपणी गरीब असतो. मोठा झाल्यावर गोल्डफिशसारख्या संथ माशाला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो.

मारामारी कशी थांबवायची?

मारकुट्या माशाला प्लास्टिकची जाळी लावून वेगळं करावं. दगड, झाडं, शोभेच्या वस्तू यांची जागा बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. नवा मासा सोडायचा तर तो अशी मांडणी बदलूनच आणि लाइट बंद करून सोडावा. खाणं दोन-तीन ठिकाणी टाकावं.

जखम की आजार?

पर फाटलेला आहे पण कडा स्वच्छ आहे, तर ती मारामारीची खूण. कड पांढरी किंवा लालसर होऊन पर दिवसेंदिवस झिजत असेल, तर तो जंतुसंसर्ग. जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका आला, तर ती बुरशी समजावी.

जखमी माशासाठी काय करावं?

1. मासा वेगळ्या भांड्यात घ्यावा. पाणी त्याच टँकचं, हवेचा पंप चालू, वर झाकण.
2. रोज पाव भाग पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते वापरावं. स्वच्छ पाणी हेच मुख्य औषध. साधा फाटलेला पर एवढ्यावरही भरून येतो.
3. 1 लिटरला 1 ते 2 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, आधी विरघळवून, हळूहळू घालावं. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ पुन्हा घालावं. कोरी, लोच अशा माशांना मीठ सोसत नाही.
4. बुरशी असेल तर मिथिलीन ब्लू बाटलीवरच्या प्रमाणात वापरावं, तेही वेगळ्या भांड्यातच. मुख्य टँकमध्ये ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. मग पाण्यात अमोनिया वाढतो आणि धडधाकट मासेही आजारी पडतात.
5. मासा खात नसेल तर खाणं टाकू नये. उरलेलं कुजून पाणी बिघडतं.

हे टाळा

माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नयेत. त्यासाठी पशुवैद्यकाला विचारावं. हाताला कापलेलं असेल तर टँकमध्ये हात घालू नये, माशांकडचे काही जिवाणू माणसाच्या त्वचेलाही त्रास देतात.

आणि मारकुटा मासा नकोसा झाला म्हणून नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नये. असे सोडलेले सकर देशात अनेक ठिकाणी पसरले असून तिथल्या मूळच्या माशांना त्रासदायक ठरत आहेत. दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्यावा.