ताकदीचे औषध आणि विचारणारा माणूस

१० एप्रिल १५६३ रोजी जुन्या गोव्यातल्या छापखान्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून पुरा झाला. भारतातल्या वनस्पती आणि औषधद्रव्ये यांवरचे हे संवाद लिहिणारा गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांपासून अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहापर्यंत अनेकांवर त्याने उपचार केले होते आणि इथल्या हिंदू वैद्यांशी व मुसलमान हकिमांशी तो चर्चा करत असे. त्याच्या ग्रंथात अफूवर एक संवाद आहे. अफूने पुरुषाची कामशक्ती वाढते, ही तेव्हाची सर्रास समजूत. ओर्ताने ती तशीच मान्य केली नाही. जाणत्या वैद्यांकडे चौकशी केली, तेव्हा त्याला उलटेच कळले, की अफूच्या सवयीने पुरुष नपुंसक होतो. ताकदीच्या औषधांचा गोव्यातला लिखित इतिहास इथून मांडता येतो, आणि त्याच्या आरंभीच एक विचारणारा माणूस उभा आहे. पुढच्या साडेचारशे वर्षांकडे पाहताना माझे मत असे झाले आहे, की या औषधांची सुरक्षितता द्रव्यावर जितकी अवलंबून राहिली, तितकीच ते देणारा माणूस घेणाऱ्याला काय विचारतो यावर राहिली. जिथे हे विचारणे बंद पडले, तिथे औषध घातक ठरले.

विचारणे बंद पाडण्याचे काम सत्तेनेही केले. १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना बिगर-ख्रिस्ती वैद्याकडे जाण्यास मनाई केली. १६१८ मध्ये गोवा शहराच्या सिनेटने परीक्षेशिवाय कोणी वैद्यकी करू नये असा नियम केला आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर आणून ठेवली. परीक्षा घेणे योग्यच होते. आजच्या नोंदणीची ती आजी म्हणता येईल. पण संख्येची मर्यादा ज्ञान पाहून ठरली नव्हती, धर्म पाहून ठरली होती, आणि म्हणूनच ती टिकण्यासारखी नव्हती. खुद्द पोर्तुगीज उमराव हिंदू वैद्यांना बोलावत राहिले. ज्याच्याकडे उघड जाता येत नाही त्याच्याकडे माणूस लपून जातो, आणि लपून जाणारा आपली सगळी हकीकत सांगत नाही.

याच शहरात सतराव्या शतकात औषधाच्या नावाखाली एक विलक्षण वस्तू तयार होऊ लागली. गास्पार आंतोनियो या जेझुइट बंधूच्या नावाने ओळखले जाणारे ‘गोव्याचे दगड’. प्राण्यांच्या पोटात सापडणारा बेझोअर खडा, कस्तुरी, अंबर आणि रत्नांची पूड एकत्र मळून गोळे वळायचे आणि त्यांवर सोन्याचा वर्ख चढवायचा. युरोपातले धनिक हे गोळे सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवत, थोडी पूड खरवडून पाण्यातून किंवा मद्यातून घेत. विषबाधा, ताप, उदासी, सगळ्यांवर एकच दगड. १६९१ मध्ये त्याचा मक्ता जेझुइटांना मिळाला. असे डबे आज लंडन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. कारागिरी पाहत राहावी अशी आहे, पण औषध म्हणून या दगडाचा मोठा दोष हा, की तो घेणाऱ्याला कोणी काहीच विचारत नव्हते. वय, आजार, आणखी काय घेतोस, यातले काहीही. मक्ता आणि सोन्याचा वर्ख हीच त्याची हमी. आज ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेल्या चकचकीत पाकिटाची हमी याच जातीची असते.

उत्तर गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे तालुके मात्र या घडामोडींपासून बराच काळ बाहेर होते. सावंतवाडीकर भोसल्यांकडून ते पोर्तुगिजांकडे आले १७८० च्या दशकात, नव्या काबिजादीचा, म्हणजे मागाहून ताब्यात आलेल्या प्रदेशाचा, भाग म्हणून. तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता, आणि नव्या प्रदेशातल्या लोकांचे रीतिरिवाज जपण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी घेतले. पुढे १८५३ मध्ये त्या रिवाजांची संहिताही निघाली. त्यामुळे इथली वैद्यकी घराण्यांतून, मठ-मंदिरांच्या आधाराने, बऱ्याच अंशी अबाधित राहिली. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे एक अंग आहे आणि चरकाच्या चिकित्सास्थानात दुसराच अध्याय त्याचा आहे. म्हणजे हा विषय आपल्या परंपरेत लाज वाटून कोपऱ्यात टाकलेला नव्हता. देहाची शुद्धी झाल्यावर, प्रकृती आणि बळ पाहून मगच ही औषधे द्यावीत, असा शास्त्राचा दंडक होता. गावचा वैद्य रोग्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असे, हे त्या पद्धतीचे मोठे बळ. तिची उणीवही लपवू नये. भस्म नीट झाले की नाही, त्यात शिसे किंवा पारा किती, हे तपासणारी यंत्रणा नव्हती, आणि काही बिघडले तर त्याची नोंद कुठेच होत नव्हती. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय-शल्यचिकित्सा विद्यालय सुरू झाले आणि तिथे औषधनिर्मितीचे शिक्षणही मिळू लागले, तेव्हा नोंद आणि तपासणी यांची रीत गोव्यात रुजली. पण ती डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंत पोचायला फार वर्षे गेली.

१९ डिसेंबर १९६१ नंतर भारताचे कायदे इथे लागू झाले. त्यातले तीन आपल्या विषयाशी जोडलेले आहेत. १९४० चा औषध कायदा, त्याखालची १९४५ ची नियमावली आणि १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा. नियमावलीच्या एका परिशिष्टात, शेड्यूल जेमध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांची यादी आहे आणि तीत नपुंसकत्व आहे. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हेतू चांगला होता आणि आजही या कायद्यांची गरज आहे. तरी त्यांचा परिणाम अर्धाच झाला, असे मला वाटते. भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या पाट्या देशभर राहिल्याच. कायद्याने खोटे बोलणाऱ्याला गुन्हेगार ठरवले, पण खरे सांगणाऱ्याला व्यासपीठ दिले नाही. दावा करणाऱ्याचे तोंड बंद करणे आणि रोग्याचे तोंड उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कोणी अंगावर घेतले नाही.

अशा शांततेत सिल्डेनाफिल आले. इंग्लंडमधल्या सँडविच या गावी फायझरच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले, छातीत दुखण्याच्या विकारासाठी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्समधल्या मर्थर टिडफिल येथे चाचण्या चालू असताना काही स्वयंसेवकांनी वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेने व्हायग्रा या नावाने ताठरतेच्या तक्रारीसाठी त्याला मान्यता दिली. त्या काळी भारतात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसल्यामुळे आपल्या कंपन्यांनी लवकरच हाच रेणू स्वतःच्या नावांनी, कितीतरी कमी दरात आणला. मूळ व्हायग्रा इथे २००५ मध्ये, त्यांच्यामागून आली. स्वस्त झाले हे चांगलेच झाले. मात्र पाकिटावर मूत्रविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, अंतःस्रावतज्ज्ञ, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ अशा मोजक्यांच्याच चिठ्ठीवर विकावे, अशी सूचना छापली जाई. पेडण्यातल्या हरमलच्या किंवा डिचोलीतल्या मयेच्या माणसाने असा तज्ज्ञ शोधायचा तर म्हापशाचे जिल्हा रुग्णालय नाहीतर बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, गाठायचे. १६१८ च्या तीस वैद्यांची इथे आठवण होते. दार इतके अरुंद केले, की माणूस दुसऱ्या वाटेने गेला, आणि त्या वाटेवर विचारणारे कोणी नव्हते.

कोणी विचारायचे ते काय, हे जरा जवळून पाहू. नायट्रिक ऑक्साइडच्या इशाऱ्यावर शरीरात एक द्रव्य तयार होते आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. हे द्रव्य मोडणाऱ्या विकराला सिल्डेनाफिल अडवते. कामेच्छा जागी असेल तरच ते उपयोगी पडते, ती ते निर्माण करत नाही. आता हृदयविकाराचा एखादा रोगी खिशात सॉर्बिट्रेटची गोळी बाळगतो. ती नायट्रेट, आणि तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच मार्गाने वाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब अचानक इतका खाली येतो की माणूस कोसळतो, आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घ्यायचेच नाही. आणि ज्याने सिल्डेनाफिल घेतले आहे त्याला पुढचे २४ तास, त्याच जातीचे टॅडालाफिल घेतले असेल तर ४८ तास, नायट्रेट देत नाहीत. कल्पना करा: रात्री छातीत कळ येऊन माणूस आरोग्य केंद्रात आला, डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवण्याआधी विचारले, काही औषध घेतले आहे का, आणि शेजारी मुलगा व सून उभी असल्यामुळे तो ‘नाही’ म्हणाला. त्या एका ‘नाही’त सगळा धोका आहे. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी अल्फा-ब्लॉकर घेणारे, बुरशीवरची किंवा एचआयव्हीवरची काही औषधे घेणारे, पार्ट्यांत अमाइल नायट्राइट हुंगणारे, यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

गोव्यासाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के, देशाचे प्रमाण होते ११.४. मधुमेह नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही पोखरतो, म्हणून ताठरतेची तक्रार मधुमेहींत फार आढळते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्यामुळे तिथला अडथळा आधी जाणवतो. हृदयविकाराची सूचना कधी कधी काही वर्षे आधी याच रूपाने येते. गोळी गुपचूप घेणारा माणूस ही सूचना पुसून टाकतो. त्याची साखर, रक्तदाब, चरबी कोणी तपासत नाही.

ही गोळी विचारपूस झाल्यावरच घ्यावी, या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की ब्रिटनने २०१७ च्या अखेरीस ५० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकायला परवानगी दिली, मग आपल्याकडेच एवढा आग्रह कशाला? पण तिथे ती गोळी फळीवरून उचलता येत नाही. औषधतज्ज्ञ आधी हृदय, रक्तदाब आणि चालू औषधे यांबद्दल विचारतो, आणि योग्य वाटले तरच देतो. चिठ्ठी गेली, प्रश्न राहिला. आपल्याकडे पुष्कळदा चिठ्ठीही नसते आणि प्रश्नही नसतो, म्हणून त्या उदाहरणाचा आधार आपल्याला घेता येत नाही. दुसरा आक्षेप आयुर्वेदाचा: घरचे, वनस्पतींचे औषध असताना रासायनिक गोळी कशाला? वाजीकरणाच्या शास्त्राबद्दल मला आदर आहे, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून पेडण्यातच, धारगळला, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय उभे आहे. तिथे नोंद करून, चालू औषधे सांगून उपचार घेता येतात. धोका आहे तो निनावी ‘नैसर्गिक’ कॅप्सुलांचा. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात भेसळ सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांत ४५.५ टक्के कामशक्तीची होती, आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडले ते लपवलेले सिल्डेनाफिल. अशी कॅप्सूल घेणारा हृदयरोगी डॉक्टरला खरे सांगायला तयार असला तरी सांगू शकत नाही, कारण आपण काय गिळले हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा. पेडणे काय, डिचोली काय, लहान गावे. फार्मसीत काउंटरपलीकडे शेजारचाच मुलगा बसलेला असतो आणि मागे रांगेत काकी. कसे विचारणार? यावर लोकांना धीट व्हा असे सांगणे हे उत्तर नव्हे. विचारण्याची पाळी रोग्यावर येऊच नये. मधुमेह आणि रक्तदाबाच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांनी ताठरतेबद्दलचा प्रश्न स्वतःहून, साखरेच्या आकड्याइतक्याच सहजतेने आणि एकांतात विचारावा. औषधविक्रेत्याने चिठ्ठी मागावी आणि गोळी देताना ‘हृदयाचे औषध चालू आहे का’ एवढे हळू आवाजात विचारावे. सरकारनेही आरोग्य केंद्रातल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरला या तक्रारीचे प्रशिक्षण द्यावे, म्हणजे बांबोळीपर्यंतची खेप वाचेल.

आणि वाचकाला एक कळकळीची विनंती. ही गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेतच, दिवसात एकदाच घ्या. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, किंवा दिसणे-ऐकणे अचानक कमी झाले, तर सकाळची वाट पाहू नका. छातीत दुखू लागले तर दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा, कोणती गोळी घेतली आणि किती वाजता.