एक अंबर आणि हजार अनाम

अंथुर्णे हे गाव ज्या परगण्यात येते तो इंदापूर परगणा निजामशाहीतला. मालोजीराजे भोसले इंदापूरच्याच लढाईत कामी आले. त्यामुळे या पट्ट्यात जुन्या काळाचा विषय निघाला की मलिक अंबर येतो, आणि त्याच्या पाठोपाठ एक विधानही येते: आपल्याकडची गुलामी सौम्य होती, नाहीतर हबशी गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता झालाच नसता. चांगली शिकलेली माणसे अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांशी तुलना करून हे अभिमानाने सांगतात. मला ते मुळातच चुकीचे वाटते.

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू लहानपणीच विकला गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, अंबर हे नाव दिले. दख्खनमध्ये त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेझखान स्वतःही हबशी आणि एकेकाळचा गुलाम होता. मालक वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढे तो वजीर झाला, त्याने खडकी वसवली, 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. गुलामाला शिक्षण मिळाले, हत्यार मिळाले, मुक्ती मिळाली, हे सगळे खरे आहे.

पण चंगेझखानाने विकत घेतलेले हबशी सुमारे 1000 होते. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? एकाच्या भाग्यावरून हजारांची स्थिती ठरवणे हा तर्कातला उघड दोष आहे. जहांगीरचा दरबारी इतिहासकार मुतमदखान हा शत्रुपक्षाचा माणूस. त्यानेही अंबरच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ केली, आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला पोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही असे नोंदवले. समकालीनांनी ज्याला अपवाद म्हटले त्याला आपण नियम ठरवतो आहोत.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. अशी माणसे विकत का घेतली जात? दख्खनच्या दरबारात दख्खनी आणि परदेशी अमिरांच्या कुरघोड्या अखंड चालत. प्रत्येकाला भाऊबंद, सोयरे, वतन. ज्याला यांतले काहीच नाही तो मालकाशिवाय कुणाचा होणार? आई-बापांपासून तोडलेला, नाव बदललेला, धर्म बदललेला पोरगा म्हणूनच विश्वासाचा ठरे. त्याला दिलेले शिक्षण आणि घोडा ही त्या तोडण्याचीच पुढची पायरी होती. तिला माया म्हणणे मला जमत नाही.

अंबर मोठा झाला तो मुक्तीनंतर, तोही लगेच नव्हे. चंगेझखान 1574-75 च्या सुमारास गेला. त्यानंतर वीसेक वर्षे अंबर भाडोत्री शिपाईगिरी करत होता, विजापूरकरांकडेही होता. परत आला तेव्हा हाताखाली जेमतेम 150 स्वार. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले आणि राज्य विस्कटले, तेव्हा त्याने विखुरलेले हबशी, दख्खनी, मराठे स्वार गोळा केले. हे कर्तृत्व त्याचे आहे. ते गुलामीच्या पदरात घालणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

आणि गुलामीचा डाग पुसला गेला होता का? अंबरने बीबी करीमाशी लग्न केले, संसार उभा केला, मुलगी निजामशहाला दिली. 1617 मध्ये अंबरला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोके लिहितो की शहाच्या थोरल्या, गोऱ्या इराणी बेगमेने या मुलीला गुलाम म्हणून हिणवले, तिच्या बापाचाही उद्धार केला. अंबरने शहा आणि बेगम दोघांना विष देवविले. विषाची हकिकत ऐकीव असेल. टोमणा कुठे झोंबणार हे मात्र सगळ्या दरबाराला ठाऊक होते. मुलगी जन्माने स्वतंत्र, राज्याच्या सर्वांत बलाढ्य पुरुषाची लेक, खुद्द शहाची राणी. तरी तिला मारायला तोच एक शब्द पुरला. जहांगीर तर आत्मचरित्रात अंबरला काळतोंड्या म्हणतो. चित्रकार अबुल हसनकडून त्याने एक चित्र काढून घेतले. त्यात भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात हे मुंडके त्याच्या हाती कधी लागले नाही. अंबर 1626 मध्ये ऐंशीच्या आसपास वारला. खुलताबादला त्याची आणि बीबी करीमाची कबर आहे. फत्तेखान हा त्याचा मुलगा. तो बापाच्या पदावर आला खरा, पण 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली करून त्यांचा पेन्शनर झाला.

इंदापूरकरांना अंबरला मान द्यायला हक्काचे कारण आहे. मक्तेदारी मोडून, गावचा कारभार सावरून, पिकाचा अंदाज घेत धारा बसवणारा म्हणून इतिहासकार ग्रँट डफ त्याची नोंद घेतो. धारा बसवणे सोपे नव्हते: इंग्रजांना याच इंदापूर तालुक्यात प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसल्यावर 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्याकरवी नव्याने सुरुवात करावी लागली.

गुलामी सौम्य होती की नाही हे तपासायचे तर मग वजिराकडे पाहून चालणार नाही. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. त्या बायका मराठी घरांत दळत, सारवत, पाणी भरत होत्या. त्यांच्या वाट्याला ना घोडा आला ना फौज. 1843 चा कायदा होईपर्यंत त्यांच्यावरची मालकी सरकारदरबारी मान्य होती. सौम्यतेचा दावा करणाऱ्याने आधी त्या नोंदी वाचाव्यात.