चार बोटांची पायरी

बर्लिनमधल्या एखाद्या कॅफेच्या दारात एकच पायरी असेल आणि तिची उंची सात सेंटिमीटरच्या आत असेल, तर ‘व्हीलमॅप’ या नकाशावर त्या कॅफेला पिवळा रंग मिळतो. दारात पायरीच नसेल आणि आतही व्हीलचेअर सहज फिरत असेल, तर हिरवा. पायरी उंच असेल किंवा दोन-तीन पायऱ्या असतील, तर लाल. सात सेंटिमीटर म्हणजे साधारण आडवी धरलेली चार बोटं. चालत येणाऱ्याला ती ओलांडल्याचं जाणवतही नाही. व्हीलचेअरवरून आलेल्या माणसाला मात्र त्या चार बोटांमुळे दारातूनच परत फिरावं लागू शकतं.

माणूस नकाशे काढू लागल्याला हजारो वर्षं झाली. डोंगर, नद्या, किल्ले, सरहद्दी, रेल्वे, हमरस्ते असं सगळं त्यांत आलं. दारातली पायरी आली ती 2010 मध्ये, व्हीलमॅपबरोबर. तीही कुठल्या सरकारी सर्वेक्षण खात्याने आणली नाही, तर ज्यांची वाट ती अडवत होती त्यांनी आणली.

सुरुवात मात्र त्याच्या खूप आधी, अंधांपासून झाली होती. नकाशा डोळसांचीच मिरास आहे, या समजाला पहिला मोठा धक्का बसला तो बॉस्टनमध्ये. तिथल्या अंधशाळेचे प्रमुख डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी 1837 मध्ये अमेरिकेचा एक अ‍ॅटलास छापला. शाईचा एक थेंबही न वापरता. जाड कागदावर दाब देऊन रेषा उठवलेल्या. बोट फिरवलं की राज्याची हद्द लागते, नदीची वळणं लागतात, समुद्राच्या जागी बारीक रेघा लागतात. ब्रेल लिपी तेव्हा पॅरिसमध्ये जन्मली होती, पण अमेरिकेत पोचली नव्हती. त्यामुळे अक्षरंसुद्धा रोमन वळणाचीच, कागदातून उठवलेली. प्रती निघाल्या अवघ्या 50, आणि आज त्यातल्या मोजक्याच शिल्लक आहेत. शेजारी कुणी डोळस माणूस बसवून न घेता अंध मुलाला स्वतःच्या बोटांनी देशाचा आकार कळावा, हा त्यामागचा आग्रह होता. पुढे अल्सासमधल्या इल्झाख गावी मार्टिन कुन्झ या अंधशाळेच्या संचालकांनी साच्यांवर कागद दाबून असे उठावाचे नकाशे मोठ्या संख्येने काढले आणि ते देशोदेशीच्या अंधशाळांत गेले.

पण हे नकाशे भूगोलाच्या तासाचे होते. त्यांवरून फ्रान्स कुठे आहे हे कळे. पुढचा चौक किती पावलांवर आहे हे कळत नसे. शहरातली वाट चाचपडण्याचं काम काठीवर आणि पायांवरच राहिलं होतं. त्या पायांना पहिली लिपी मिळाली जपानमध्ये. 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या एका रस्त्याच्या तोंडाशी, सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उंचवट्यांच्या फरश्या बसवल्या गेल्या. तळव्याला गोल ठिपके लागले की थांबायचं, लांबट पट्ट्या लागल्या की त्या दिशेने पुढे जायचं. मुंबई आणि पुण्याच्या मेट्रो स्थानकांत पायांखाली येते ती पिवळी पट्टी याच फरशीची वंशज. शहराने स्वतःच्याच अंगावर काढलेला एकास एक मापाचा नकाशा म्हणावा, असं हे काम आहे.

व्हीलचेअरवाल्यांची लढाई त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झाली. विद्यापीठात शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांनी नगरपरिषदेकडे मागणी लावून धरली की फूटपाथच्या कडा उतरत्या करा. 1971 मध्ये परिषदेने ते मान्य केलं. या मंडळींच्या मागणीत एक बारकावा होता, आणि पुढच्या सगळ्या नकाशांचं बीज त्यात आहे. एका कोपऱ्यावर उतार केला आणि समोरच्या कोपऱ्यावर नाही, तर पहिल्या उताराचा उपयोग शून्य. माणूस एका फूटपाथवरून उतरतो आणि भर रस्त्यात अडकतो. म्हणून सुटे उतार नकोत, घरापासून वर्गापर्यंत न तुटणारी वाट हवी. या चळवळीतले हेल झुकास सेरेब्रल पाल्सीमुळे स्पष्ट बोलू शकत नसत. डोक्याला बांधलेल्या काडीने ते पुढ्यातल्या पाटीवरची अक्षरं दाखवत आणि तसेच बैठकांमध्ये मुद्देसूद वाद घालत. वाट तुटली की प्रवास संपतो, हे अधिकाऱ्यांच्या गळी उतरवायला त्यांच्यासारखी माणसंच लागली.

नकाशा बोलू लागला तो सांता बार्बरामध्ये. रेजिनाल्ड गोलेज हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, माणसं मनात शहर कसं साठवतात याचा अभ्यास करणारे भूगोलतज्ज्ञ. 1984 मध्ये त्यांची दृष्टी गेली. ज्याने आयुष्यभर नकाशांचा विचार केला, त्यालाच आता विद्यापीठाच्या आवारातली इमारत सापडेना. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी, मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी एक कल्पना मांडली: उपग्रहाने जागा ओळखायची, संगणकाने नकाशा पाहायचा आणि कानाने वाट ऐकायची. पाठीवरच्या पिशवीत संगणक, डोक्यावर अँटेना, कानांत हेडफोन. ग्रंथालय डावीकडे असेल, तर ‘ग्रंथालय’ हा शब्दही डावीकडूनच आल्यासारखा ऐकू यायचा. तोंड तिकडे वळवलं की आवाज समोरून. इमारतीच हाका मारताहेत असं वाटावं, अशी ही योजना होती.

अडचण वेगळीच होती. अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे आणि ती 100 मीटरपर्यंत जाई. 100 मीटरची चूक जहाजाला चालेल. अंध माणसाला ती भलत्याच गल्लीत नेईल. 2 मे 2000 रोजी ही मुद्दाम घातलेली चूक काढली गेली आणि अचूकता एका दिवसात कित्येक पटींनी वाढली. त्यानंतर अंधांसाठीची बोलकी यंत्रं भराभर बाजारात आली.

तरी एक गोष्ट उरलीच. नकाशा मोटारीसाठी काढलेला होता. त्यात रस्ता म्हणजे मधोमध ओढलेली एक रेघ. पायी चालणारा मधोमध कधीच नसतो; तो डाव्या किंवा उजव्या कडेला असतो, आणि या दोन कडा म्हणजे दोन वेगळी जगं. एकीकडे झाडाचा पार, दुसरीकडे उखडलेल्या फरश्या. सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टास्कर केंद्राने ‘अ‍ॅक्सेसमॅप’ केला, तेव्हा त्यांनी हीच रेघ बदलली. फूटपाथ ही रस्त्याची शेपटी न मानता स्वतंत्र वाट म्हणून आखली आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा चढ, त्याची कड जोडली. सिअ‍ॅटल डोंगरउतारावरचं शहर. तिथे वापरणारा आधी सांगतो की मला इतकाच चढ झेपतो, उतार इतकाच चालतो, कड मात्र नको. मग वाट निघते. हाताने व्हीलचेअर ढकलणाऱ्याला एक वाट, मोटरवाल्या खुर्चीला दुसरी, काठीवाल्या आजोबांना तिसरी. सगळ्यांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न तिथे मागे पडतो. कुणासाठी, हे आधी विचारावं लागतं.

माहिती गोळा करायची कुणी, यालाही उत्तर सापडलं. लंडनमध्ये 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. कुणीही भर घालावी, कुणीही वापरावा. बर्लिनच्या राउल क्राउटहाउझेन यांनी व्हीलमॅप त्याच पायावर उभा केला. ते स्वतः व्हीलचेअर वापरतात. मित्राला भेटायचं तर दर वेळी त्याच एका कॅफेत, कारण आत जाता येतं हे फक्त त्याच्याबद्दल ठाऊक होतं. मित्र कंटाळला, आणि त्या कंटाळ्यातून नकाशा निघाला. आज त्यावर जगभरातल्या दहा लाखांहून अधिक ठिकाणांची नोंद आहे. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये ‘प्रोजेक्ट साइडवॉक’मधून सुमारे 800 लोकांनी रस्त्यांची छायाचित्रं पडद्यावर पाहून दोन लाखांहून अधिक खुणा केल्या: इथे उतार आहे, इथे नाही, इथे खांब आडवा आलाय.

अशा नकाशांना कायम राखणदार लागतो. मायक्रोसॉफ्टचं ‘साउंडस्केप’ हे गोलेज-लूमिस यांच्या कल्पनेचंच फोनमधलं रूप. 2018 मध्ये ते आलं आणि 2023 मध्ये कंपनीने ते अ‍ॅप स्टोअरमधून काढून घेतलं. ज्यांचं रोजचं चालणं त्यावर होतं, त्यांना तो मोठा घाव होता. सुदैवाने त्याचा कोड खुला केला गेला आणि काही गटांनी तो पुढे नेला. त्याखालचा ओपनस्ट्रीटमॅप लोकांचाच होता, त्यामुळे तो जागेवरच राहिला.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शक सूचना फूटपाथची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असं सांगत होती, म्हणजे व्हीलमॅपच्या पिवळ्या पायरीच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच प्रत्येक चौकात तिला उतार हवा. मुंबई-पुण्याचे भाग व्हीलमॅपवर उघडले, तर बहुतेक ठिकाणं करड्या रंगात दिसतात. करडा म्हणजे वाईट नव्हे. तिथे अजून कुणी मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोजायला फार काही लागत नाही. दवाखान्याच्या, वाचनालयाच्या, औषधाच्या दुकानाच्या दाराशी थांबायचं, पायऱ्या मोजायच्या, पहिल्या पायरीला चार बोटं आडवी लावून पाहायची, आणि फोनवर त्या ठिकाणाचा रंग बदलायचा.