आधी छर्रे, मग रंग

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळी अनेक घरांत मुलाला मिळणारी पहिली सायकल कोरी नसे. वडिलांची किंवा काकांची सायकल ओव्हरहॉलिंग करून त्याच्या हाती दिली जाई. याचं कारण गरिबी, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. गरिबीमुळे वस्तू जपली जाते. जपलेली वस्तू तीस वर्षांनी चालती करता येईलच असं नाही. व्हॉल्व्ह मिळेनासे झाले तसे जुने रेडिओ फडताळावर गेले. सायकल मात्र चालत राहिली, ती तिची मापं न बदलल्यामुळे.

ब्रिटिश रोडस्टरचा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्का झाला होता: २८ इंची चाकं, दीड इंची टायर, सळ्यांचे ब्रेक, अर्धा इंच पिचची चेन. नॉटिंगहॅमची रॅले काय किंवा बर्मिंगहॅमची बीएसए काय, ठेवण तीच. पुढे वरळीला हिंद सायकल्स, १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस आणि १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले उभी राहिली. त्यांनीही हाच साचा उचलला. म्हणून विलायती सायकलला लुधियानाची चेन बिनतक्रार बसे. यावर एखादा जुना कारागीर अडवेल की रॅलेचे आटे वेगळे. बरोबर आहे. पायडलच्या एक्सलची कटोरी इतरांकडे इंचाला २४ आट्यांची, रॅलेकडे २६. चुकीची कटोरी दामटून बसवली की फ्रेमचे आटे मेलेच. पण आतले छर्रे दोन्हीकडे पाव इंची, आणि वारंवार बदलावे लागतात ते छर्रेच.

दुरुस्तीचं मर्मही तिथेच आहे. चाकाचा एक्सल रॉकेलमध्ये धुवायचा, छर्रे ग्रीसमध्ये एकेक बसवायचे, आणि कोन असा आवळायचा की अधांतरी चाक हळूच सोडलं तर ट्यूबच्या व्हॉल्व्हच्या वजनानं डोलत डोलत व्हॉल्व्ह तळाशी येऊन थांबेल. मग चाकाचा आऊट काढायचा. रंग सगळ्यात शेवटी. हल्लीचे हौशी रंगापासून सुरुवात करतात आणि मूळच्या सोनेरी रेघा खरवडून टाकतात, हे पाहून जीव हळहळतो.

मोठ्यांची सायकल पोराला देणं म्हणजे जाचच, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून तिरकं चालवावं लागे, ढोपरं फुटत. पण त्याला उताराही त्याच साच्यात होता. लेडीज फ्रेमला आडवी दांडी नसते, आणि चाकं, चेन, छर्रे सगळं तेच चालतं. पण घरात तशी सायकल असली तरी मुलगे तिला हात लावायला तयार नसत.