मलिक अंबर : माणसे घडविणारा वजीर

विद्यार्थी मित्रांनो, आसनगाव स्टेशनवरून दिसणारा माहुलीचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आपल्या ठाणे जिल्ह्यातील याच डोंगरावर १६३६ साली अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवट झाला. ही हकिकत समजून घेण्यासाठी मलिक अंबरापासून सुरुवात करावी लागते.

सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. दख्खनेत निजामशाहीचा मंत्री चंगीजखान याच्या पदरी तो राज्यकारभार शिकला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर त्याने राजघराण्यातील मुर्तझास गादीवर बसविले आणि सुमारे पाव शतक मोगलांना थोपवून धरले.

हे त्याला कसे साधले? मोगलांची फौज प्रचंड, तोफखाना जड. म्हणून अंबराने मराठा बारगिरांच्या चपळ तुकड्या हाताशी धरून शत्रूची रसद तोडण्याचा मार्ग पत्करला. अशा लढाईत केव्हा तुटून पडावे व केव्हा मागे फिरावे, याचा हुकूम दरबारातून येईपर्यंत थांबता येत नाही. तो निर्णय तुकडीच्या सरदारालाच घ्यावा लागतो. महसुलाच्या कामीही त्याने इजारदारांना दूर सारून गावच्या पाटलांवर भिस्त ठेवली. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या रणांगणावर तरुण शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच कामी आले.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. परंतु भातवडीला लढलेल्या शहाजीराजांनी एका बालराजाच्या नावाने कारभार चालवून निजामशाही आणखी तीन वर्षे जगविली आणि माहुलीवर शेवटची झुंज दिली. रणांगणावर अंबराने निर्णय घेणारी माणसे तयार केली. दरबारात मात्र सारी मदार त्याच्या एकट्यावरच राहिली. त्याचे यश आणि अपयश, दोन्ही यातच आहे.

पालक बंधु-भगिनींनो, दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, मुलीने पुढे शिकावे की नाही, हे प्रश्न अनेक घरांत वडीलधारी मंडळीच सोडवितात. मुलांना माहिती द्यावी, साधकबाधक विचार करण्यास शिकवावे आणि मग निर्णय त्यांना घेऊ द्यावा. जे घर एकाच्याच अकलेवर चालते, ते त्याच्यामागे पोरके होते.